एका हाताचे खेळ

अमेरिकेत कुकआउटचं आमंत्रण दुपारी दोनचं असलं, तर दोन वाजता यजमान कोळशाची पिशवी शोधत असतो. घर न्यू जर्सीतलं आणि मराठी असेल, तर तो ती विकत आणायला गेलेला असतो आणि घरची बाई 'येतीलच इतक्यात' म्हणत पाहुण्यांच्या हातात पन्ह्याचे पेले ठेवत असते. मग कोळसा येतो. तो लवकर पेटत नाही. पेटतो तेव्हा नुसता धूर होतो, धूर शेजाऱ्याच्या अंगणात जातो, वारा फिरतो, धूर सव्याज परत येतो. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर धरून पहिलं कणीस जाळीवर चढेपर्यंत साडेचार झालेले असतात. मधल्या अडीच तासांत वीस-पंचवीस भुकेल्या माणसांचं करायचं काय? आपल्याकडे लग्नकार्यात असा वेळ मानापमानात छान निघून जातो. अमेरिकन माणसाला ती सोय नाही, म्हणून त्यानं खेळ शोधले.

कुकआउटचे मोठे मुहूर्त तीन. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, ४ जुलैला स्वातंत्र्यदिन आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे. पहिला युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा, तिसरा कामगारांच्या सन्मानाचा. पण मागच्या अंगणातून पाहिलं तर तिन्ही दिवस धुराचेच. मेमोरियल डेला उन्हाळा उघडतो आणि लेबर डेला मिटतो. या तीन-सव्वातीन महिन्यांत ज्यानं अंगणात चार माणसं बोलावली नाहीत, त्यानं वर्षभर गवत कापलं ते कशासाठी, असा प्रश्न शेजारी विचारत नाहीत; पण कुंपणावरून बघतात तसं.

मराठी माणसाची अडचण अशी, की तीनपैकी दोन मुहूर्त कायमचे सोमवारी. सोमवार करणारी मंडळी अजून पुष्कळ आहेत. त्यात २०२४ साली ४ जुलै नेमका गुरुवारी आला. त्या दिवशी कित्येक मराठी अंगणांत जाळीवर पनीर, ढोबळी मिरची आणि मका एवढंच भाजलं गेलं आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा तो सोहळा दत्तगुरूंना चालेल अशा बेतानं पार पडला.

बरीच अंगणं हिंडल्यावर माझा एक सिद्धान्त तयार झालाय. हे खेळ ज्यांनी शोधले, त्यांच्या एका हातात काहीतरी होतं. बिअरचा कॅन असेल, सोडा असेल, नाहीतर दुमडायला आलेली कागदी बशी असेल. म्हणून कुकआउटच्या खेळाची कसोटी एकच: उजव्या हातानं खेळताना डाव्या हातातलं सांडतं का? सांडत नसेल तर खेळ उत्तम. सांडत असेल तर तो खेळ मैदानात न्यावा, अंगणात त्याचं काम नाही.

कॉर्नहोल या कसोटीला पुरेपूर उतरतो. २ फूट रुंद, ४ फूट लांब फळी, मागच्या बाजूनं फूटभर उचललेली. तिच्या वरच्या अंगाला ६ इंच व्यासाचं भोक. तशीच दुसरी फळी समोर २७ फुटांवर. हातात साधारण साडेचारशे ग्रॅमची चौकोनी कापडी पिशवी, ती समोरच्या फळीवर टाकायची. फळीवर राहिली तर १ गुण, भोकात गेली तर ३. आधी २१ करेल तो जिंकला. पिशवीत पूर्वी मक्याचे दाणे भरत; पण मका भिजला की कुजतो, आणि गॅरेजमधल्या उंदरांनाही या खेळाची गोडी लागते, म्हणून आता बहुतेक पिशव्यांत प्लास्टिकचे मणी असतात. ओहायोतल्या सिनसिनाटीकडे हा खेळ घरोघर चालतो. त्याचे व्यावसायिक सामने होतात, ते टीव्हीवर दाखवतात आणि लोक ते सोफ्यावर बसून बघतात. तेव्हा तर दोन्ही हात मोकळे.

एवढा सोपा खेळ मराठी अंगणात आला की पहिला अर्धा तास मोजमापात जातो. जमलेल्या पाहुण्यांत निम्मे इंजिनियर. एक जण गाडीतून टेप आणतो. २७ फूट कुठून कुठे, पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत की भोकापासून भोकापर्यंत, यावर दोन तट पडतात. तेवढ्यात दुसऱ्याच्या लक्षात येतं, की पावसाचं पाणी निघून जावं म्हणून अंगणाला उतार दिलेला आहे, म्हणजे वरच्या बाजूच्या खेळाडूला फायदा. मग फोनमधलं लेव्हलचं ॲप निघतं, फळीच्या पायाखाली कागदी बशा सारल्या जातात आणि कधीतरी पहिली पिशवी उडते.

खरा पेच त्यापुढे. या खेळात एकाच फेरीतले दोन्ही बाजूंचे गुण एकमेकांतून वजा होतात. ज्याचे जास्त, त्याच्या नावावर फक्त वरचा फरक चढतो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या एका मावशींना हे पटवता पटवता सगळे घामाघूम झाले.

"म्हणजे माझे ४, त्याचे ५. त्याला मिळाला १. आणि मला?"

"शून्य, मावशी."

"मग माझे ४ गेले कुठे?"

बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी हातरुमालावर जमा-नावे मांडून दाखवलं. मावशींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या फेरीपासून स्वतःचे गुण स्वतःच्या बोटांवर मोजायला लागल्या. त्यांच्या हिशेबानं त्या जिंकल्या. त्यांच्या हिशेबाला हरकत घेईल असा माणूस त्या अंगणात नव्हता, जावईसुद्धा तिथेच होता.

घोड्याची नाल फेकायचा खेळ याहून जुना आणि याहून जड. ४० फुटांवर जमिनीत लोखंडी खुंटी, तिच्याभोवती किलोभर वजनाची नाल अडकवायची. थोरल्या जॉर्ज बुश यांना याचं इतकं वेड, की राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९८९ साली त्यांनी व्हाइट हाउसच्या आवारात त्यासाठी जागा करवून घेतली. हाही एका हाताचाच खेळ, पण मराठी घरात तो चालत नाही, कारण घरात आजी असते. दाराच्या चौकटीला ठोकायची वस्तू हे लोक मातीत फेकताहेत, हे तिला बघवत नाही. एका आजींनी दोन नाला उचलून पदराखाली घेतल्या आणि 'एक पुण्याच्या घराला, एक इथल्या' अशी वाटणीही जाहीर केली. ही नाल खेळासाठीच घडवलेली आहे, कुठल्याच घोड्याच्या पायाला ती कधी लागलेली नाही, असं समजल्यावर त्यांनी दोन्ही परत केल्या आणि फसवणुकीची तक्रार मुलाकडे केली.

लॉन डार्ट नावाचा आणखी एक प्रकार इथे होता. धातूचं जड टोक असलेले मोठे बाण गवतावरच्या कड्यात पडतील असे उंच उडवायचे. त्यात मुलं जखमी झाली, काही जिवानिशी गेली, आणि १९८८ च्या डिसेंबरात सरकारनं त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. बंदुकीचा विषय निघाला की राज्यघटना उघडून बसणारा हा देश, पण लॉन डार्ट त्यानं मुकाट्यानं सोडून दिले. याच्यावर मला विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.

बॅडमिंटनचं जाळं बांधलं गेलं, की पुणेकर पाहुण्याचा चेहरा पालटतो. १८७० च्या दशकात पुण्याच्या इंग्रजी छावणीत हा खेळ असा रुजला, की त्याला 'पूना' म्हणत आणि त्याचे सुरुवातीचे नियमही तिथेच बांधले गेले. पुढे इंग्लंडात ग्लॉस्टरशर परगण्यातल्या ड्यूक ऑफ ब्यूफोर्टच्या बॅडमिंटन हाउसचं नाव त्याला चिकटलं. नियम करणारे गोरे अधिकारी होते, हा तपशील पुणेकर पाहुणा सांगत नाही. कोणी सांगितलाच, तर "पाणी मुठेचंच पीत होते ना?" एवढं म्हणून विषय मिटवतो. शेजारच्या अमेरिकन गृहस्थांना त्यानं ही सगळी हकिकत जाळ्याच्या एका टोकाला उभं राहून ऐकवली. गृहस्थांनी आदरानं विचारलं, "म्हणजे तुम्ही उत्तम खेळत असाल?" पुणेकर म्हणाला, "मी खेळत नाही, पण तुमची सर्व्हिस चुकतेय."

अंगणातल्या बॅडमिंटनचा खरा प्रतिस्पर्धी वारा. शटलचं वजन ५ ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे गुण कोणी घ्यायचा हे पश्चिमेकडून येणारी झुळूक ठरवते. थोड्या वेळानं शटल छपराच्या पन्हळीत जाऊन बसतं आणि मग दुसरा, जास्त चुरशीचा खेळ सुरू होतो. त्यात झाडू, ग्रिलचा लांब चिमटा, एका उंच भाच्याच्या खांद्यावर बसवलेला छोटा भाचा आणि खाली उभ्या सगळ्यांचा सल्ला, एवढं साहित्य लागतं. बायका म्हणतात, जाऊ द्या, दुसरं घ्या. पुरुष ऐकत नाहीत.

अमेरिकन माणूस अशा वेळी वेगळा वागतो, याला इतिहासाचा पुरावा आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आपल्या मित्राबरोबर गोल्फ खेळून घरी आले. घरातली मंडळी कंटाळून बसलेली. अंगणात बॅडमिंटनचं जुनं कोर्ट होतं, पण शटल सापडेना. प्रिचर्डांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं पाडलेला प्लास्टिकचा चेंडू काढला, जाळं खाली घेतलं आणि पिकलबॉल जन्माला आला. हे गृहस्थ पुढे अमेरिकन संसदेत निवडून गेले. आज अमेरिकेत गावोगावी पिकलबॉलची कोर्टं आहेत. शटल सापडलं नाही म्हणून अख्खा खेळ उभा राहिला! आपल्याकडे शटल सापडलं नाही तर 'शेवटचं कोणाकडे होतं?' हा खेळ सुरू होतो आणि तो पिढ्यान् पिढ्या चालतो.

४ जुलैला दुपारी एक खेळ घराच्या आत, टीव्हीवर चालतो. न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडला हॉट डॉग खायची स्पर्धा असते, वेळ १० मिनिटं. २०२१ साली जोई चेस्टनट यांनी पावासकट ७६ हॉट डॉग खाल्ले. पाव पाण्यात बुडवून, दोन्ही हातांनी. माझ्या सिद्धान्तात हा माणूस कुठेच बसत नाही. सासरेबुवांना हे दृश्य दाखवलं तेव्हा ते अजिबात चकित झाले नाहीत. त्यांच्या लहानपणी पंगतीत जिलब्यांच्या पैजा लागत. "पण आमच्याकडे वाढपी आग्रह करायचा," ते म्हणाले. "इथे बिचाऱ्याला कोणी 'अजून एक घ्या' म्हणेना." बाहेर अंगणात मका अजून चढलेला नव्हता, त्यामुळे त्यांचा आवाज जरा कातर झाला होता.

मुलांसाठी पाण्याची घसरगुंडी. लांबलचक पिवळी प्लास्टिकची पट्टी गवतावर अंथरायची, तिला नळी जोडायची आणि धावत येऊन पोटावर घसरत जायचं. कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थानं आपला मुलगा घरासमोरच्या ओल्या, रंगवलेल्या सिमेंटवरून घसरताना पाहिला आणि त्यातून ही कल्पना निघाली. १९६१ मध्ये ती बाजारात आली. खेळ फार चांगला आहे, फक्त मोठ्यांचा नाही. १९९३ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं मुद्दाम इशारा दिला: वजन आणि उंचीमुळे मोठा माणूस या पट्टीवर मधेच एकदम थांबू शकतो आणि त्याच्या मानेला आणि मणक्याला इजा होऊ शकते.

हा इशारा मी एका चाळिशी ओलांडलेल्या, पोहायच्या चड्डीत उभ्या असलेल्या मित्राला वाचून दाखवला. तो म्हणाला, "हे अमेरिकन लोकांसाठी आहे. आपण विहिरीत सूर मारलेली माणसं." त्याच्या बायकोनं तेवढ्यात त्याला त्यांच्या आरोग्य विम्याच्या डिडक्टिबलचा आकडा सांगितला. विहिरीत सूर मारलेला माणूस टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसला. आयोगाच्या इशाऱ्यापेक्षा हा आकडा जास्त परिणामकारक आहे, तोच पट्टीवर छापावा.

आता पोत्याची शर्यत, तीन पायांची शर्यत, लिंबू-चमचा. यात आपल्याला शिकण्यासारखं काही नाही, हे सगळं आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात करून बसलोय. फक्त तीन पायांची शर्यत नवरा-बायकोंत लावू नये. आधी बांधलेला पाय टाकायचा की मोकळा, एवढंच ठरवायचं असतं. पण त्या निमित्तानं कोणी कोणाचं कधी ऐकलं नाही याची यादी निघते आणि जोडपं आरंभरेषेवर असतानाच शर्यत संपते. एकदा एक जोडपं न बोलता, न अडखळता पहिलं आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं, की त्यांचं सकाळपासून बोलणं बंद होतं.

अंडं झेलायच्या खेळात मात्र चर्चा झाली. दोघांनी समोरासमोर उभं राहून कच्चं अंडं एकमेकांकडे टाकायचं, दर वेळी एकेक पाऊल मागे सरकायचं, ज्यांचं शेवटपर्यंत फुटणार नाही ते जिंकले. वार सोमवार. अंडं खायचं नाही हे पक्कं, पण फेकायला हरकत आहे का? एका बाजूचं मत, स्पर्श चालतो. दुसऱ्या बाजूचं मत, हातावर फुटलं तर आंघोळ आली. तिसऱ्या एका वहिनींनी इथल्या अंड्यांचे भाव सांगितले आणि धर्मापाशी अडलेला प्रश्न अर्थशास्त्रानं सोडवला. शेवटी पाणी भरलेले फुगे आणले. तो खेळ इतका रंगला, की माझ्या मते कुकआउटचा सगळ्यात चांगला खेळ हाच. पैसे लागत नाहीत, नियम लागत नाहीत, कोण हरलं हे लांबून दिसतं आणि हरलेल्याला गार वाटतं. कागदी बशीचं काय होतं, ते विचारू नका.

एवढं सगळं झाल्यावर कोणाला तरी लगोरीची आठवण येतेच. अडचण दगडांची. अमेरिकन अंगणात गवत असतं, फुलं असतात, हरणं येतात, पण चपटा दगड म्हणून सापडत नाही. यजमानानं तो बागकामाच्या दुकानातून विकत आणला. दगडाला पैसे पडतात हे ऐकून सासरेबुवा बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत. मग पावती मागून घेतली आणि जपून खिशात ठेवली, परत गेल्यावर चौकातल्या मित्रांना दाखवायला.

शेजारच्या अमेरिकन गृहस्थांना लगोरी समजावून सांगायला दोन मिनिटं पुरली. सात दगडांची उतरंड, टेनिसच्या चेंडूनं ती फोडायची, मग समोरच्यांनी चेंडू मारून बाद करायच्या आत परत रचायची. त्यांना ती पटली, आवडली, आणि तरुणपणी बेसबॉल खेळलेल्या त्या गृहस्थांनी एका हातातला कॅन न हलवता दुसऱ्या हातानं पहिल्याच फेकीत उतरंड उडवली. पण कोणी धावलंच नाही. कारण तोवर आपल्या मंडळींत वाद पेटला होता. टप्पा पडून लागलेला चेंडू धरायचा का? कमरेच्या वर लागला तर बाद का? चेंडू हातात घेऊन पळता येतं का? सांगलीचा नियम वेगळा, दादरचा वेगळा, नागपूरचा तिसराच, आणि प्रत्येकाच्या मते आपल्या गल्लीत जे चाले ते आंतरराष्ट्रीय. गृहस्थ बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी मोठ्या नम्रपणे विचारलं, "हासुद्धा खेळाचाच भाग आहे का?"

लगोरी अंगणात टिकत नाही याचं कारण मला माझ्या सिद्धान्तात सापडतं. लगोरी, खो-खो, लंगडी, आट्यापाट्या, कबड्डी. आपल्या एकाही मैदानी खेळात हातात काही धरायची सोय नाही. धावायचं, धरायचं, सुटायचं, मातीत लोळायचं. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. त्या पथकातल्या एकाच्याही डाव्या हातात बटाट्याचं सॅलड असण्याची शक्यता नाही. हे खेळ रिकाम्या हातांचे आहेत, आणि बरेचसे रिकाम्या पोटाचेही. अमेरिकन खेळ 'घास गिळून झाला की टाकतो' असं म्हणणाऱ्याचे. यात उच्च-नीच काही नाही, पण कणीस खाता खाता कबड्डी खेळून बघा. दम घोटायचा की दाणा गिळायचा, हे ठरेपर्यंत पकड झालेली असते.

भारतातून आलेले आईवडील या सगळ्यात कुठे असतात? ते झाडाखाली, घडीच्या खुर्च्यांवर. साडी, तिच्यावर मुलाचा स्वेटर, पायात पांढरे बूट, डोक्यावर कुठल्यातरी बँकेची टोपी. त्यांनी येताच अंगणाला एक फेरी मारून टोमॅटोची रोपं तपासलेली असतात, कढीपत्त्याची कुंडी उन्हात हलवलेली असते आणि घर कितीला घेतलं हे विचारून झालेलं असतं. यानंतर पत्ते. मेंढीकोट किंवा बदाम सात. वाऱ्यानं पत्ते उडायला लागले की ते कपडे वाळत घालायचे चिमटे मागतात. अमेरिकन घरात ते कुठून असणार, इथे कपडे यंत्रात वाळतात. बरीच शोधाशोध होऊन चिप्सच्या पिशव्या बंद करायचे रंगीत चिमटे निघतात. मग सूर्य कलेपर्यंत त्या टेबलाकडे बघायची कोणाची हिंमत नसते. जगात सगळीकडे तरुण लोक खेळतात आणि वृद्ध बघतात. इथे तरुण फोनमध्ये डोकं घालून डेकच्या पायऱ्यांवर बसलेले, मधल्या वयाचे नियम ठरवताहेत, आणि मनापासून खेळणारे चौघं सत्तरीच्या पुढचे.

ग्रिल हाही खेळच, आणि प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा. घुमटाच्या झाकणाचं, तीन पायांचं जे गोल ग्रिल सगळीकडे दिसतं, ते १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसानं पाण्यात तरंगणारा धातूचा बोया मधोमध कापून बनवलं. तो बोये बनवणाऱ्या कारखान्यातच होता. मराठी अंगणात अशी दोन ग्रिलं लागतात, शाकाहारी आणि मांसाहारी. चिमटे दोन, उलथनी दोन, त्यांच्या मुठींना हिरवी आणि लाल टेप. पंच म्हणून एक काकू. त्या दिवसभर दोन्ही ग्रिलांच्या मधोमध उभ्या असतात, आणि लाल चिमटा हिरव्या हद्दीत नुसता डोकावला तरी त्यांची शिट्टी वाजते. त्यांचा निकाल अंतिम. अपील नाही, फेरतपासणी नाही. लाल बाजूला एक उत्साही तरुण थर्मामीटर घेऊन कोंबडीत खुपसतो आणि दर मिनिटाला आकडा ओरडतो: १४०! १५२! १६० फॅरनहाइट! १६५ झाले की टाळ्या. त्याच वेळी डेकच्या कोपऱ्यात प्रोपेनच्या शेगडीवर कढई चढलेली असते. ती शेगडी अमेरिकेत टर्की तळायला विकतात, पण आपण तिच्यावर बटाटेवडे तळतो. वड्यांचा पहिला घाणा निघाला की दोन्ही ग्रिलं ओस पडतात. पंचसुद्धा जागा सोडतात.

अंधार पडायला साडेआठच्या पुढे जातं. न्यू जर्सीत २०१७ पर्यंत घरी साधी फुलबाजी लावणंही बेकायदा होतं. आता फुलबाजी चालते, उडणारं काही चालत नाही. सुतळी बॉम्ब हातात पेटवून फेकल्याच्या गोष्टी सांगणारे तीन-चार बाप गॉगल लावलेल्या आपल्या मुलांना हात लांब करून फुलबाजी कशी धरायची ते शिकवतात, बाजूला पाण्याची बादली. फुलबाजी हाही शेवटी एका हाताचाच खेळ. दुसऱ्या हातात आता कुल्फी असते.

घरी जायच्या आधी ड्राइव्हवेवर उभ्या-उभ्या लेबर डेची आखणी होते. या वेळी नीट, संघ पाडून, वेळापत्रक करून खेळायचं असं एकमतानं ठरतं. पुणेकर नियमावली लिहायला घेतो, बँकवाले काका गुणलेखक, ज्यांचं घर सर्वांत मोठं ते गैरहजर असल्यामुळे यजमान. गाड्या हमरस्त्याला लागायच्या आत 'लेबर डे क्रीडा समिती' असा व्हॉट्सॲप ग्रुप तयार असतो. रात्री त्यावर पहिला प्रश्न येतो: कॉर्नहोलच्या फळ्या कोण आणणार? सकाळपर्यंत त्याखाली ओळीनं अंगठेच अंगठे उमटलेले असतात. 'मी आणतो' असं कोणीच लिहिलेलं नसतं.